मुलांच्या हाडांतील जन्मजात व्यंग आणि बालपणीचा कर्करोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, वाई आणि फलटण या भागांतील पालक, आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत आणि पुढे अपवादांचे. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. माझ्या बाळाच्या हाडात जन्मतःच दोष आहे. त्याला पुढे कॅन्सर होणार का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. हाडांत जन्मजात व्यंग असलेली बहुसंख्य मुले कर्करोगाविना मोठी होतात. मात्र काही मोजकी व्यंगे एखाद्या आनुवंशिक आजाराचे बाहेरून दिसणारे चिन्ह असतात, आणि त्या आजारात कर्करोगाचा धोका खरोखरच वाढलेला असतो. म्हणून व्यंग एकटेच आहे की त्याच्या जोडीला त्वचेवरचे डाग, रक्ताची कमतरता, खुंटलेली उंची, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा दोष असे आणखी काही आहे, हे डॉक्टर आधी पाहतात. पुढची बरीचशी उत्तरे याच फरकाभोवती फिरतात.

२. दोष हाडात आहे, म्हणजे धोका हाडाच्याच कॅन्सरचा असतो का?

सहसा नाही. दोष अंगठ्यात असेल तर काळजी रक्ताची असते, एक पाय मोठा असेल तर मूत्रपिंडाची आणि बरगड्या दुभंगलेल्या असतील तर कधी कधी मेंदूची. हे विचित्र वाटते, पण त्यामागे कारण आहे. गर्भाला हातापायांचे कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटे वेगळी दिसू लागतात. या काळात कोणत्या पेशीने कुठे, किती आणि केव्हापर्यंत वाढायचे हे जी जनुके ठरवतात, त्यांतील अनेक जनुके पुढे आयुष्यभर पेशींच्या विभाजनाला आवर घालण्याचे किंवा डीएनएमधील बिघाड दुरुस्त करण्याचे काम करतात. अशा जनुकात बिघाड असेल, तर तो आधी शरीराच्या घडणीत दिसतो आणि नंतर पेशींच्या वागण्यात.

मानेतील मणक्यांचे उदाहरण अभ्यासकांना फार महत्त्वाचे वाटते. जिराफ असो, उंदीर असो वा माणूस, सस्तन प्राण्यांच्या मानेत सातच मणके असतात. स्लॉथ आणि मॅनॅटी हे त्याला ठळक अपवाद आहेत. ही संख्या इतकी पक्की का राहिली असावी, याचा विचार करताना जीवशास्त्रज्ञ फ्रिट्सन गालिस यांनी १९९९ मध्ये असे मांडले, की मणक्यांची जागा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांत बदल झाला तर त्याच्यासोबत बालपणीच्या कर्करोगासारखे इतर दोषही येतात, आणि म्हणून उत्क्रांतीत असे बदल टिकत नाहीत. मानेतील जादा बरगडीबद्दलचा प्रश्न ९ याच विचाराशी जोडलेला आहे.

३. जन्मजात व्यंग असलेल्या मुलांना ‘अडीच पट धोका’ असतो असे वाचले. हा आकडा खरा आहे का?

आकडा खरा आहे, पण तो अर्धाच वाचला तर घाबरगुंडी उडते. अमेरिकेतील चार राज्यांच्या एक कोटीहून अधिक जन्मनोंदींवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की गुणसूत्रांतील दोष असलेल्या मुलांमध्ये कर्करोगाचे प्रमाण सुमारे ११.६ पट होते आणि गुणसूत्रांशी संबंध नसलेली व्यंगे असलेल्या मुलांमध्ये सुमारे अडीच पट. यात हृदय, मज्जासंस्था, मूत्रमार्ग अशी सर्व प्रकारची व्यंगे धरलेली होती, केवळ हाडांची नव्हे.

आता मूळ प्रमाण पाहू. जगभरच्या नोंदींनुसार १५ वर्षांखालील दर १० लाख मुलांमागे वर्षाला साधारण १४० मुलांना, म्हणजे लाखात १४ मुलांना कर्करोग होतो. त्याची अडीच पट म्हणजे लाखात ३५. उरलेल्या ९९,९६५ मुलांना त्या वर्षी कर्करोग होत नाही. त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक उपयोगी वाटते : व्यंगांची संख्या वाढत गेली तसा धोका वाढत गेला आणि चार किंवा अधिक व्यंगे असलेल्या मुलांमध्ये तो जवळजवळ सहा पट होता. एकट्या व्यंगाला आणि अनेक व्यंगांना एकाच मापाने मोजू नये, हे त्यावरून स्पष्ट होते.

त्याआधी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये कर्करोग झालेल्या २० हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या होत्या. गाठीचा कर्करोग असलेल्या मुलांपैकी ४.४ टक्के मुलांत आणि रक्ताचा किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोग असलेल्या मुलांपैकी २.६ टक्के मुलांत जन्मजात व्यंग नोंदलेले होते. मणका आणि बरगड्यांतील दोष कर्करोग झालेल्या मुलांमध्ये अधिक आढळले.

४. कोणत्या व्यंगांमुळे कॅन्सरची भीती बाळगू नये?

करंगळीच्या बाजूला असलेले सहावे बोट, पायाची जोडलेली दोन बोटे, आत वळलेला पाय आणि जन्मतः निखळलेला खुबा यांपैकी एखादाच दोष असेल आणि मूल बाकी सर्व बाबतींत निरोगी असेल, तर कर्करोगासाठी वेगळी तपासणी लागत नाही. सहावे बोट कित्येक घरांत आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेले असते. वळलेला पाय जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच पोन्सेटी पद्धतीने, म्हणजे दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ करायला घ्यावा, कारण तेथे वेळ दवडण्याचे नुकसान कर्करोगाचे नसून चालण्याचे आहे. बुटकेपणाचा अकोन्ड्रोप्लेझिया हा प्रकार कर्करोगासाठी देखरेख ठेवण्याच्या आजारांत मोडत नाही.

गर्भाशयातील पडद्याचा दोरा बोटाभोवती आवळून बोट तुटले, किंवा १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड या गोळीमुळे जसे हजारो मुलांचे हातपाय अपुरे राहिले, तशा प्रकारांत बाहेरच्या गोष्टीने वाढत्या अवयवावर घाव घातलेला असतो. त्यामागे मुलाच्या जनुकांतील दोष नसतो, म्हणून तो संबंधही तेथे लावू नये.

५. बाळाचा अंगठा फार लहान आहे. डॉक्टर हाताऐवजी रक्त तपासायला का सांगतात?

कारण अंगठा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे अंगठ्याकडील हाड, म्हणजे रेडियस, यांचे दोष फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आजारात वारंवार आढळतात. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्वीडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये त्याचे वर्णन केले. या मुलांच्या पेशींना डीएनएमधील एका विशिष्ट प्रकारचा बिघाड दुरुस्त करता येत नाही. साधारण पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान अस्थिमज्जा रक्त बनवण्यात कमी पडू लागते, रक्ताच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो आणि तरुणपणी तोंड व घशाचा कर्करोगही इतरांपेक्षा फार लवकर होऊ शकतो.

दोष नेहमी ठळक असतोच असे नाही. कधी अंगठा अजिबात नसतो, कधी तो कातडीच्या बारीक देठावर लोंबकळत असतो, आणि कधी तो दिसायला पूर्ण असतो पण मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट असतो. मुलाचे दोन्ही तळहात वर करून शेजारी शेजारी ठेवले, तर हा फरक घरीही दिसतो. असे मूल भाकरीचा तुकडा अंगठ्याने न धरता तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये पकडते, आणि आईला वाटते की ही त्याची सवय आहे. त्याच्या जोडीला वयाच्या मानाने कमी उंची, लहान डोके, अंगावर कॉफीच्या रंगाचे किंवा फिकट डाग, एकच मूत्रपिंड, यांपैकी काही असेल तर शंका बळावते.

पहिली तपासणी साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी असते. आपल्याकडे मुलांत रक्त कमी असण्याचे नेहमीचे कारण लोहाची कमतरता हे आहे आणि त्यात तांबड्या पेशी लहान होतात, म्हणजे अहवालातील एमसीव्ही हा आकडा उतरतो. फॅन्कोनीमध्ये तो उलट चढलेला असतो आणि प्लेटलेट कमी होऊ लागतात. बी-१२ कमी असले तरी एमसीव्ही चढतो, म्हणून तेही तपासावे लागते. अंगठ्यात दोष, एमसीव्ही जास्त आणि प्लेटलेट कमी असा अहवाल हाती असताना केवळ लोहाचे औषध देऊन महिने घालवू नयेत.

पक्के निदान गुणसूत्रे तुटण्याच्या चाचणीने होते. मुलाच्या रक्तातील पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांत मायटोमायसिन-सी किंवा डीईबी हे रसायन अगदी थोडे मिसळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजतात. निरोगी पेशी ते सहन करतात, तर फॅन्कोनीच्या पेशींतील गुणसूत्रे जागोजागी तुटलेली आणि एकमेकांना चिकटलेली दिसतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेने या आजारावर बरेच काम केले आहे.

६. अंगठ्याचा प्रत्येक दोष फॅन्कोनीचाच असतो का?

नाही. अंगठा जागेवर आहे पण रेडियस हाड नाही आणि जन्मापासून प्लेटलेट कमी आहेत, असे असेल तर तो टार सिंड्रोम असू शकतो. त्यातील प्लेटलेट वयानुसार सुधारतात. अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरे असून बाळ पहिल्या वर्षातच पांढरेफटक पडले, तर डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमियाचा विचार करतात आणि त्यात पुढे रक्ताचा व हाडाचा कर्करोग होण्याचा धोका सर्वसाधारण मुलांपेक्षा जास्त असतो. अंगठा आणि हृदय या दोहोंत दोष असलेल्या होल्ट-ओरम सिंड्रोममध्ये मात्र कर्करोगाशी असा संबंध नाही.

एक आजार येथे वेगळा सांगितला पाहिजे. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या गालांवर लाल पुरळ उठून पुढे त्वचा जाळीदार, डागाळलेली होत गेली, केस आणि भुवया विरळ राहिल्या आणि अंगठा किंवा मनगट अपुरे असले, तर तो रॉथमुंड-थॉमसन सिंड्रोम असू शकतो. हाताच्या व्यंगामागे खुद्द हाडाच्याच कर्करोगाचा, म्हणजे ऑस्टिओसार्कोमाचा मोठा धोका असण्याचे हे उदाहरण आहे. अशा मुलाच्या गुडघ्याजवळ दुखू लागले किंवा सूज आली, तर आठवडाभर वाट न पाहता एक्स-रे काढावा.

मणका, गुदद्वार, हृदय, अन्ननलिका, मूत्रपिंड आणि हात यांत एकत्र दोष असले की त्याला व्हॅक्टर्ल असे नाव देतात. हे नाव दिले म्हणजे निदान संपले असे मानू नये. त्यात अंगठ्याचा किंवा रेडियसचा दोष असेल तर प्रश्न ५ मधील चाचणी करून घ्यावी, कारण फॅन्कोनीची काही मुले याच नावाखाली वर्षानुवर्षे राहतात.

७. मुलीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड आणि लांब आहे. सोनोग्राफी पोटाची का करायची?

शरीराची एक बाजू जास्त वाढणे हे मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीचे आणि यकृताच्या हिपॅटोब्लास्टोमा गाठीचे ओळखीचे पूर्वचिन्ह आहे. ज्या मुलांमध्ये फक्त एक बाजू मोठी आहे आणि दुसरे काही नाही, त्यांच्यापैकी शंभरात पाच ते सहा मुलांना अशी गाठ होते, म्हणजे उरलेल्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव मुलांना होत नाही. जीभ मोठी असणे, बेंबीजवळ हर्निया, कानाच्या पाळीवर चिरा आणि जन्मानंतर साखर उतरणे ही चिन्हेही असतील, तर तो बेकविथ-विडेमन सिंड्रोम असू शकतो. त्याचे मूळ ११ व्या गुणसूत्रावरील एका भागात असते.

देखरेख अशी असते : सातव्या वाढदिवसापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि चौथ्या वर्षापर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील एएफपी, म्हणजे यकृताच्या गाठीत वाढणाऱ्या प्रथिनाची तपासणी. तीन महिन्यांचे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे, कारण विल्म्स गाठ झपाट्याने वाढते आणि वर्षातून एकदा केलेल्या सोनोग्राफीत ती सुरुवातीला सापडेलच असे नाही. मागची सोनोग्राफी चांगली आली म्हणून पुढची टाळणे ही पालकांकडून सर्वाधिक होणारी चूक आहे. शक्यतो एकाच ठिकाणी सोनोग्राफी करावी आणि सर्व अहवाल तारखेप्रमाणे एका फायलीत लावावेत.

घरी पाहायचे असेल तर मुलीला अनवाणी सपाट फरशीवर सरळ उभे करून मागून पाहावे. गुडघ्यामागच्या घड्या एका पातळीत आहेत का, दोन्ही मांड्यांचा आणि पोटऱ्यांचा घेर सारखा आहे का, आणि हात, चेहरा, जीभ याही ठिकाणी त्याच बाजूला फरक आहे का, हे दिसते. एक सेंटिमीटरपर्यंतचा लांबीतील फरक पुष्कळ निरोगी माणसांत असतो.

८. माझ्या मुलाचा वळलेला पाय प्लास्टरने सरळ झाला, पण त्या पायाची पोटरी बारीक राहिली. त्याला प्रश्न ७ लागू होतो का?

नाही. वळलेल्या पायाची पोटरी उपचारानंतरही बारीक राहते आणि पाऊलही थोडे लहान असते. येथे दुसरी बाजू मोठी झालेली नसून ही बाजू लहान राहिलेली आहे. मेंदूच्या इजेमुळे एक बाजू कमजोर राहिलेल्या मुलांतही तसेच होते. एखाद्या पायावर जांभळट डाग आणि फुगलेल्या शिरा असून तो पाय मोठा असेल, तर कारण रक्तवाहिन्यांत असते आणि त्याची देखरेख वेगळी असते. कोणती बाजू नेहमीसारखी आहे हे ठरवणे कधी कधी अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते, म्हणून शंका असेल तर आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञांना एकदा दाखवावे.

९. खोकल्यासाठी काढलेल्या एक्स-रेत मानेजवळ जादा बरगडी दिसली. घाबरावे का?

घाबरू नये. जादा किंवा दुभंगलेली बरगडी अशीच योगायोगाने सापडते आणि बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही नसतो. जर्मनीतील १९९२ च्या आणि नेदरलँड्समधील २००५ च्या अभ्यासांत कर्करोग झालेल्या मुलांत बरगड्यांचे दोष अधिक दिसले, हे खरे आहे. परंतु गटांच्या तुलनेत सापडलेला असा फरक एका मुलाच्या भविष्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि केवळ जादा बरगडीसाठी रक्ताची किंवा स्कॅनची देखरेख कोणी सुचवत नाही.

अपवाद गॉर्लिन सिंड्रोमचा आहे. बरगड्या दुभंगलेल्या, डोके मोठे, कपाळ पुढे आलेले, तळहातावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, जबड्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या पाण्याच्या गाठी आणि घरातील कोणाला कमी वयात त्वचेचा कर्करोग, अशी जुळणी झाली तर त्याची तपासणी करावी. या मुलांपैकी काहींना वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा हा कर्करोग होतो. पीटीसीएच-१ जनुकातील बिघाडात तो क्वचित होतो आणि एसयूएफयू जनुकातील बिघाडात पुष्कळ अधिक.

१०. दीड वर्षाच्या मुलाची एकच नडगी बाहेर वाकली आहे आणि अंगावर तपकिरी डाग आहेत. हा मुडदूस आहे का?

मुडदुसात सहसा दोन्ही पाय वाकतात, आणि दोन वर्षांपर्यंत दोन्ही पायांना थोडा बाक असणे निरोगी मुलांतही दिसते. एकच नडगी पुढे व बाहेरच्या बाजूला वाकलेली असेल, तर कपडे काढून सगळ्या अंगावरचे डाग मोजावेत. वयात येण्यापूर्वी पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक कॉफीच्या रंगाचे डाग आणि वाकलेली नडगी ही जोडी न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ कडे बोट दाखवते. हा आजार साधारण तीन हजारांत एकाला असतो. अशी नडगी मोडली तर सहजासहजी जुळत नाही, म्हणून आधीपासून आधार देणारा पट्टा लागतो.

कर्करोगाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांची आहे. दृष्टीच्या मज्जातंतूवर होणारी गाठ बहुधा सात वर्षांच्या आत दिसून येते, म्हणून त्या वयापर्यंत दरवर्षी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी हवी. लहान मूल ‘दिसत नाही’ असे स्वतःहून सांगत नाही.

११. गुडघ्याभोवती आणि खांद्याजवळ हाडाची टेंगळे आहेत, त्याच्या वडिलांनाही आहेत. ती कॅन्सरमध्ये बदलतात का?

अशी अनेक टेंगळे आणि तीही पिढीजात असली तर ती बहुधा ईएक्सटी-१ किंवा ईएक्सटी-२ या जनुकांतील बदलामुळे येतात आणि प्रत्येक अपत्याला ती येण्याची शक्यता निम्मी असते. ती बहुतेकदा निरुपद्रवी राहतात. शंभरात दोन ते पाच जणांत त्यांतील एखाद्याचा कोंड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कर्करोग होतो, पण तो प्रौढपणी, बालपणी क्वचितच. मुलाची उंची वाढायची थांबल्यानंतरही टेंगूळ वाढत राहिले किंवा नव्याने दुखू लागले, तर एमआरआय करावा. टेंगळाच्या भीतीने मुलाला खेळापासून दूर ठेवण्याची गरज नाही.

१२. जन्मापासून बद्धकोष्ठता आहे आणि एक्स-रेत माकडहाडाच्या वरचे हाड अर्धे दिसते. याचा संबंध आहे का?

असू शकतो. त्रिकास्थीचा, म्हणजे त्या हाडाचा काही भाग नसणे, गुदद्वाराचा दोष आणि त्रिकास्थीपुढे गाठ या त्रयीला करारिनो सिंड्रोम म्हणतात. गाठ बहुधा साधी असते, पण ती टेराटोमा, म्हणजे अनेक प्रकारच्या ऊतींची मिळून झालेली गाठ असल्यास तिच्यात कर्करोग होण्याची शक्यता राहते, म्हणून वर्षानुवर्षे केवळ जुलाबाची औषधे न देता एमआरआय करून घ्यावा.

१३. आमचे नात्यात लग्न झाले आहे. त्यामुळे असे झाले का?

मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक होण्याची पद्धत आपल्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे, म्हणून हा प्रश्न फार जण विचारतात आणि बहुधा खालच्या आवाजात विचारतात. फॅन्कोनी अ‍ॅनिमियाच्या जवळजवळ सर्व प्रकारांत बिघडलेले जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते. नात्यातील जोडप्याला एकाच पूर्वजाकडून तेच जनुक मिळालेले असण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे तेथे असे आजार अधिक दिसतात. दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि पहिले मूल आजारी होते म्हणून पुढची तीन निरोगीच होतील असे मात्र नाही. जनुकीय बदल नेमका सापडला, तर पुढच्या गरोदरपणी लवकर तपासणी करता येते.

प्रश्न १० मधील आजारात आणि प्रश्न ७ मधील बहुतेक प्रकारांत नात्यातील लग्नाचा संबंध नसतो. कोणत्याही प्रकारात दोष सुनेच्या माथी मारण्याला शास्त्राचा आधार नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना स्पष्ट सांगावे.

१४. ग्रहणात भाजी चिरल्यामुळे बोटे अशी झाली असे सासूबाई म्हणतात. आणि द्राक्षबागेतील फवारणीचे काय?

ग्रहणाचा काहीही संबंध नाही. उलट ग्रहणकाळात गरोदर बाईला उपाशी आणि तहानलेली ठेवल्याने तिला त्रास होतो.

फवारणीचा प्रश्न मात्र गांभीर्याने घ्यावा. गरोदरपणातील कीटकनाशकांचा संपर्क आणि मुलांतील रक्ताचा कर्करोग यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. एखाद्या विशिष्ट मुलाचा आजार त्यामुळेच झाला असे त्यावरून म्हणता येत नाही, पण तासगाव किंवा पलूसच्या बागेत फवारणी चालू असताना गरोदर स्त्रीने तेथे थांबू नये, औषधाची पिंपे घरात ठेवू नयेत आणि फवारणीचे कपडे तिने धुवू नयेत, इतके करणे हातात आहे.

१५. वारंवार एक्स-रे काढल्याने कॅन्सर होतो का?

छातीच्या एका एक्स-रेतून मिळणारा किरणांचा डोस साधारण १० ते १५ दिवसांत निसर्गातून मिळणाऱ्या डोसाइतका असतो. त्यामुळे गरज असताना एक्स-रे टाळू नये. सीटी स्कॅनचा डोस बराच जास्त असतो, तर सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतात. गॉर्लिन आणि फॅन्कोनी या दोन आजारांत मात्र किरणांची मात्रा शक्य तितकी कमी ठेवावी लागते आणि निदानाची चिठ्ठी प्रत्येक ठिकाणी दाखवावी लागते.

१६. तपासणी कुठे करावी आणि खर्चाचे काय?

अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे असते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतील जन्मजात दोषांचा समावेश आहे, आणि वळलेला पाय व निखळलेला खुबा ही दोन्ही व्यंगे त्याच्या यादीत आहेत. पथकाने दिलेली संदर्भचिठ्ठी जपून ठेवावी. पुढे सांगली किंवा मिरजेचे शासकीय रुग्णालय, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय किंवा कराडचे कृष्णा रुग्णालय येथे बालरोग आणि अस्थिरोग विभागांत दाखवता येते. हाडाच्या डॉक्टरांनी व्यंग पाहिले म्हणजे बालरोगतज्ज्ञांना दाखवण्याची गरज उरली नाही असे समजू नये, कारण जोडीची चिन्हे शोधण्याचे काम त्यांचे आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारावे. कर्करोगाचे निदान होऊन मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात जावे लागले, तर मुलासह राहण्याची मोफत सोय करणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत. त्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करावी.

१७. कोणती लक्षणे दिसली तर थांबू नये?

व्यंग असो वा नसो, ही लक्षणे सर्व मुलांना लागू आहेत : लांबलेला ताप आणि फिकेपणा, कारण नसताना अंगावर निळे डाग, रात्री झोपेतून उठवणारे हाडांचे दुखणे, आंघोळ घालताना हाताला लागणारी पोटातील गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, आणि सकाळी डोके दुखून होणाऱ्या उलट्या.

मुलाच्या हाडावर वाढत जाणारी सूज असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय ती हाडवैद्याकडून चोळून घेऊ नये आणि तिच्यावर लेप बांधून आठवडे घालवू नयेत. मार लागल्याने कर्करोग होत नाही, पण मार लागल्यामुळे आधीपासूनच्या सुजेकडे लक्ष जाते, आणि मग ‘पडला होता’ या कारणावर सगळे समाधान मानतात. याच्या उलट एक अपवादही आहे. हाडे ठिसूळ असण्याच्या ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या जन्मजात आजाराच्या एका प्रकारात हाड मोडल्यावर जुळताना इतकी मोठी गाठ होते की ती एक्स-रेवर कर्करोगासारखी दिसते. अशा मुलाचा जुना आजार सांगितला, तर नको असलेली मोठी शस्त्रक्रिया टळू शकते.

१८. मुलाला आता ब्लड कॅन्सर निघाला आहे. लहानपणी अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली होती. ते सांगण्याची गरज आहे का?

होय, आणि केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी सांगावे. या पानावरची हीच गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. फॅन्कोनीच्या मुलाला नेहमीच्या मात्रेतील केमोथेरपी किंवा किरणोपचार दिले, तर त्याच्या निरोगी पेशीही सावरू शकत नाहीत आणि उपचारच जिवावर बेततो. तेथे औषधांची मात्रा पुष्कळ कमी करावी लागते. गॉर्लिनच्या मुलाला मेंदूच्या गाठीसाठी किरणोपचार दिले, तर काही वर्षांत त्याच जागेवरच्या त्वचेवर अनेक कर्करोग उगवतात. शस्त्रक्रियेने अंगठा नीट दिसू लागलेला असतो, व्रण पुसट झालेला असतो आणि नव्या डॉक्टरांना ते कळायला मार्ग नसतो. जुना एक्स-रे, शस्त्रक्रियेचा कागद आणि बाळपणाचा हाताचा फोटो सोबत न्यावा.

१९. फॅन्कोनीची शंका होती, पण रक्ताची चाचणी नॉर्मल आली. मग विषय संपला का?

नेहमीच नाही. काही मुलांत रक्ताच्या काही पेशींतील बिघडलेले जनुक आपोआप सुधारते आणि त्या निरोगी पेशी संख्येने वाढतात. अशा वेळी रक्तावरची चाचणी नॉर्मल किंवा अनिश्चित येते, पण शरीरातील इतर पेशींत आजार तसाच असतो. चिन्हे स्पष्ट असतील तर तीच चाचणी त्वचेच्या पेशींवर करावी लागते आणि सोबत जनुकीय तपासणीही.

२०. मोठ्या मुलाला फॅन्कोनी आहे. धाकट्या मुलीचे हात अगदी व्यवस्थित आहेत. ती त्याला बोन मॅरो देऊ शकेल का?

तिची गुणसूत्रे तुटण्याची चाचणी झाल्याशिवाय नाही. फॅन्कोनीच्या सुमारे एक चतुर्थांश मुलांत बाहेरून दिसणारे कोणतेही व्यंग नसते आणि त्यांच्या लहान वयातील सीबीसीतही काही सापडेलच असे नाही. एकाच घरात एका भावंडाचा अंगठा नसतो आणि दुसऱ्याचे हात निर्दोष असतात, तरी आजार दोघांना असू शकतो. अशा बहिणीची मज्जा दिली तर भावाला तोच आजार पुन्हा दिला जाईल. चाचणीत ती निरोगी ठरली आणि तिचे एचएलए, म्हणजे दात्याची जुळणी ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा, भावाशी जुळले, तर तीच सर्वांत चांगली दाता असते. ती फक्त वाहक निघाली तरी, म्हणजे तिच्याकडे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असली तरी, डॉक्टरांच्या निर्णयाने ती मज्जा देऊ शकते. आणि तिलाही आजार आहे असे निघाले, तर तिचे रक्त उतरण्याआधीच तिची देखरेख सुरू करता येते आणि दोघांसाठी बाहेरचा दाता शोधण्याची नोंदणी एकाच वेळी करता येते.